नवी ड्युअल-स्पोर्ट बाइक: कोणत्या भागाला कधी हात लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा: ३०० सीसीच्या आसपासची, एका सिलिंडरची ड्युअल-स्पोर्ट (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही वाटांची गाडी) नुकतीच घरी आली आहे आणि मीटरवर जेमतेम दोनशे किलोमीटर पडलेत. मॉडिफिकेशनची यादी तयार आहे: बॅश प्लेट (इंजिनखालचं संरक्षक कवच), हँडगार्ड, हँडल रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे), नॉबी टायर (मोठ्या गुठळ्यांचे), पुढचं लहान स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), कडक स्प्रिंग, मोठी टाकी, सीट, जादा लाइट, सायलेन्सर. काहीजण सांगतात, वॉरंटी संपेपर्यंत पानाही लावू नका. काही म्हणतात, एकदाच सगळं उरकून टाका. कोणाचं ऐकायचं?

दोन्ही सल्ल्यांत एकच अडचण आहे, ते सगळ्या गाडीला मिळून एकच मुहूर्त काढतात. नव्या गाडीतला प्रत्येक भाग रुळायला आपापला वेळ घेतो. चाकाचे आरे पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरांतच थोडा ताण सोडतात. पिस्टन रिंगा काही शे किलोमीटरांत सिलिंडरशी बसतात. फोर्कचे (पुढच्या सस्पेन्शनचे) सील आणि बुश मोकळे व्हायला हजारभर किलोमीटर लागू शकतात. सीटचा फोम दोन-तीन लांब रपेटींनंतर दबतो. फोर्क कडक लागतोय म्हणून दोनशे किलोमीटरवरच मऊ स्प्रिंग टाकली, तर सील मोकळे झाल्यावर तीच गाडी प्रत्येक खड्ड्यात तळाला आपटते आणि पुन्हा खर्च होतो.

म्हणून जो भाग बदलायचा आहे तो आधी रुळू द्यावा, मोजावा आणि मगच बदलावा. अपवाद दोनच. जे नुसतं सेट करायचं असतं, ते पहिल्याच दिवशी करा. आणि जे नसल्यामुळे एका दगडात इंजिनचं केसिंग फुटू शकतं, ते पहिल्या ऑफ-रोड रपेटीच्या आधी बसवा.

पहिल्याच दिवशी

शोरूममधून निघालेली गाडी मध्यम उंचीच्या, बसून चालवणाऱ्या माणसासाठी लावलेली असते. गाडी स्टँडवर कोणाला तरी धरायला सांगा, फूटपेगवर उभे राहा, गुडघे किंचित वाकवा आणि हात सहज पुढे सोडा. हँडल हाताला आलं पाहिजे. त्यासाठी वाकावं लागत असेल तर हँडल क्लॅम्पमध्ये थोडं पुढे फिरवून पाहा. क्लॅम्पचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच (घट्टपणाच्या आकड्यालाच) घट्ट करा, अंदाजाने आवळले तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर उभं राहून धरताना मनगट सरळ राहील इतके खाली घ्या. लिव्हरचे क्लॅम्प इतकेच आवळा की चालवताना हलणार नाहीत, पण जोर लावून ढकलले तर फिरतील. गाडी आडवी पडली की असा लिव्हर फिरतो आणि वाचतो. करकचून आवळलेला तुटतो.

जाड तळव्याचे बूट घालणार असाल तर गिअर लिव्हर शाफ्टवर एक दात वर घ्या. मागच्या ब्रेकचं पेडलही त्याच बुटांत तपासा. पेडलची उंची बदलताना मोकळी चाल उरली पाहिजे, नाहीतर पॅड सतत घासत राहतात, ब्रेक ऑइल तापून उकळतं आणि लांब उतारावर पेडल पोकळ लागतं.

हे सगळं पाऊण तासाचं काम आहे आणि त्याला पानेच लागतात, पैसे लागत नाहीत. रायझरची गरज आहे की नाही हे यानंतरच कळतं. बसवलेच तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लच केबल, थ्रॉटल केबल, ब्रेकचा होज आणि वायरिंग तपासा. इंजिन चालू ठेवून हँडल वळवल्यावर आरपीएम वाढत असेल तर थ्रॉटल केबल ओढली जातेय. तशी गाडी बाहेर काढू नका.

पहिल्या दगडाआधी

बॅश प्लेट आणि हँडगार्ड यांच्यासाठी रनिंग-इनची (नवं इंजिन रुळण्याच्या काळाची) वाट पाहायचं कारण नाही. इंजिनच्या रुळण्याशी त्यांचा संबंध नाही, आणि ती नसताना होणारं नुकसान भरून येत नाही. पहिले हजार किलोमीटर डांबरीवरच जाणार असतील तर मात्र तीही थांबू शकतात.

बॅश प्लेट निवडताना ती कुठे टेकते हे आधी पाहा. फ्रेमच्या नळ्यांवर किंवा फ्रेमच्या मूळ बोल्टांवर बसणारी घ्या. इंजिनच्या केसिंगला बोल्टने जोडलेली प्लेट दगडाचा धक्का थेट केसिंगला देते, म्हणजे ज्यासाठी ती लावली तेच होतं. ॲल्युमिनियमची असेल तर जाडी ३ ते ४ मिलिमीटर असावी. जाड प्लॅस्टिकची प्लेट दगडावरून घसरते आणि आवाजही कमी करते. ॲल्युमिनियमची जास्त मार खाते पण इंजिनचा खडखडाट वाढवते. मध्ये उष्णता सोसणाऱ्या फोमचे तुकडे ठेवले तर तो बराच कमी होतो, फक्त ते सायलेन्सरच्या पुढच्या पाइपापासून दूर असावेत.

बसवल्यावर चार गोष्टी बघा. ऑइलचा ड्रेन बोल्ट प्लेट न काढता निघतो का? पाइप आणि प्लेटमध्ये बोटभर जागा आहे का? फोर्क पूर्ण दबल्यावर पुढचा टायर प्लेटला लागणार नाही ना? चिखल बाहेर पडायला भोकं आहेत का? शेवटचा मुद्दा सहज सुटतो. प्लेटमध्ये साचलेला चिखल इंजिनला गरम ठेवतो आणि ओल धरून बोल्ट गंजवतो. बोल्टांना निळा थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा डिंक) लावा आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा.

हँडगार्ड आतून ॲल्युमिनियमच्या पट्टीचे असावेत. नुसतं प्लॅस्टिक वारा आणि फांद्या अडवतं, पण पडल्यावर लिव्हर वाचवत नाही. उजव्या टोकाला थ्रॉटलची नळी गार्डच्या बोल्टला घासतेय का ते बघा. मूठ पूर्ण फिरवून सोडली की ती खाडकन परत आली पाहिजे, हँडल सरळ असताना आणि दोन्ही टोकांना वळवलेलं असतानाही. लिक्विड कूल्ड इंजिन असेल तर रेडिएटर गार्डही याच टप्प्यात बसवा.

रनिंग-इन आणि पहिली सर्व्हिसिंग

बहुतेक उत्पादक पहिली सर्व्हिसिंग ५०० ते १००० किलोमीटरला ठेवतात. तोवर इंजिन, एअर बॉक्स (एअर फिल्टरचा डबा), सायलेन्सर आणि गिअरिंग यांना हात लावू नका. या काळात एकाच आरपीएमवर लांब अंतर कापू नका आणि आरपीएम खालीवर होत राहू द्या. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला इंजिन रडवू नका आणि मॅन्युअलमधली मर्यादा पाळा. रिंगा सिलिंडरशी नीट बसायला बदलता भार लागतो.

या टप्प्यात हे भाग बदलू नका म्हणण्याचं दुसरंही कारण आहे. कारखान्यातली चूक असेल तर ती बहुधा याच काळात दिसते: गिअर अडकणं, ऑइल गळणं, थंड इंजिन बंद पडणं. गाडी मूळ अवस्थेत असेल तर वॉरंटीत दाद मागणं सोपं जातं. सायलेन्सर आणि एअर फिल्टर आधीच बदललेला असेल तर दोष कोणाचा यावरच वाद सुरू होतो, आणि तुम्हालाही खात्रीने सांगता येत नाही.

सर्व्हिसिंगच्या वेळी ड्रेन बोल्टचं चुंबक दाखवायला सांगा. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असणं साहजिक आहे. बोटाला टोचणारे कण किंवा पापुद्रे दिसले तर पुढचं सगळं थांबवून आधी त्याचा छडा लावा. बऱ्याच गाड्यांना या वेळी व्हॉल्व्ह क्लिअरन्सही (इंजिनच्या व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट) तपासायचा असतो. वेळ लागतो म्हणून तो टाळला जातो, तेव्हा मॅन्युअलचं पान दाखवून करून घ्या. हेड बेअरिंग (ज्यावर हँडल वळतं ते) आणि मागच्या लिंकेजच्या (सस्पेन्शनच्या जोडदांड्यांच्या) बेअरिंगना कारखान्यातून अनेकदा कमीच ग्रीस लागलेलं असतं. पाण्यातून, चिखलातून जाणार असाल तर पहिल्या सर्व्हिसिंगला ती खोलून ग्रीस भरून घेणं हे यादीतल्या कुठल्याही सुट्या भागापेक्षा जास्त कामाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

आरे मात्र सर्व्हिसिंगपर्यंत थांबत नाहीत. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर आणि पहिल्या खडबडीत रपेटीनंतर लगेच तपासा. चाक जमिनीपासून उचला आणि लहान पान्याने प्रत्येक आऱ्यावर हलकं टिचकवा. ताणलेला आरा खणखणतो, ढिला भद्द वाजतो. ढिला सापडला की फक्त तोच आवळू नका. हवा भरायच्या व्हॉल्व्हपाशी खूण करून दर तिसरा आरा जास्तीत जास्त पाव फेरा, अशा तीन फेऱ्यांत पूर्ण चाक घ्या आणि नंतर रिम डगमगते का ते फिरवून पाहा. ढिले आरे तसेच ठेवून नॉबी टायर लावून खडकात गेलात तर उरलेल्या आऱ्यांवर भार येतो, एक तुटतो आणि मग शेजारचे. उलट वाजवीपेक्षा जास्त आवळले तर रिम वाकडी होते.

चेनही पहिल्या काही शे किलोमीटरांत ढिली पडते. ताण मॅन्युअलमधल्याच पद्धतीने मोजा. या प्रकारच्या गाड्यांत साधारण ३० ते ४५ मिलिमीटर ढील लागते, रस्त्यावरच्या गाडीच्या मानाने जास्त. मागचं सस्पेन्शन दबून पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते. उभ्या गाडीवर चेन नीटनेटकी ताणलेली ठेवली, तर त्या क्षणी गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगवर जबर ओढ पडते.

सस्पेन्शन: आधी मोजा

हजारेक किलोमीटर झाले, पहिली सर्व्हिसिंग उरकली, की सॅग मोजा, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते. स्प्रिंग बदलायची का, हे यावरूनच ठरतं. साधा टेप पुरतो आणि दोन मदतनीस लागतात.

मागचं चाक हवेत उचला. ॲक्सलपासून सरळ वर मडगार्डवर एक खूण करा आणि अंतर मोजा. समजा ६०० मिलिमीटर आलं. आता गाडी चाकांवर सरळ उभी करा, कोणी बसलेलं नाही, आणि तेच अंतर मोजा: समजा ५७०. हा ३० मिलिमीटरचा फरक म्हणजे रिकाम्या गाडीचा सॅग. मग हेल्मेट, बूट, जॅकेट आणि नेहमीच्या सामानासह गाडीवर बसा, एकाने तोल धरावा, दुसऱ्याने मोजावं: समजा ५१८. म्हणजे चालकासह सॅग ८२. मागच्या सस्पेन्शनची एकूण चाल २६० मिलिमीटर असेल तर हे साडेएकतीस टक्क्यांच्या आसपास येतं. ३० ते ३३ टक्के हे सुरुवातीला चांगलं लक्ष्य आहे. सीलच्या घर्षणामुळे गाडी दर वेळी थोडी वेगळ्या उंचीवर थांबते, म्हणून एकदा दाबून हळू सोडा आणि एकदा उचलून हळू सोडा, आणि दोन्हींची सरासरी घ्या.

आकडा चुकला तर प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या) रिंगेने दुरुस्त करा. रिंग फिरवण्याआधी आटे ब्रशने साफ करून थोडं तेल लावा, वाळू अडकलेली रिंग आटे खाते. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडीची उंची बदलते. याच कारणामुळे पुढची पायरी महत्त्वाची आहे. चालकासह सॅग ८२ वर आणल्यावर रिकाम्या गाडीचा सॅग पुन्हा मोजा. तो ३० ते ४० राहिला तर तुमच्या वजनाला स्प्रिंग योग्य आहे आणि एक खर्च वाचला. तो जेमतेम ८-१० उरला तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे, कारण उंची राखायला तिला फार आवळावं लागलं. तो ५० च्या पुढे गेला तर स्प्रिंग जास्त कडक आहे. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. रिकाम्या गाडीचा मोठा सॅग बघून स्प्रिंग मऊ आहे असं समजून आणखी कडक स्प्रिंग मागवली जाते, आणि चूक दुप्पट होते.

मागची स्प्रिंग बदललीत तर पुढचीही त्याच हिशेबाने बघा. मागून कडक आणि पुढून मऊ गाडी ब्रेक मारताना डोकं खाली घालते आणि वाळूत हँडल हातातून ओढते. उंची कमी करायची लिंक सध्या नकोच. ती ग्राउंड क्लिअरन्स कमी करते, सस्पेन्शनचं गणित बदलते, शिवाय फोर्क क्लॅम्पमध्ये वर सरकवावा लागतो आणि साइड स्टँडही कापावा लागतो. सॅग नीट लावल्यावर आणि सीट दबल्यावर पाय टेकवण्याची अडचण बरीच कमी होते.

टायर आणि गिअरिंग

टायरची गोष्ट वेगळी. चिखलात, वाळूत जायचं असेल तर मूळ टायर झिजण्याची वाट बघू नका. खऱ्या ऑफ-रोडला एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच भागाने पडत नाही. पण रनिंग-इन मूळ टायरवरच पूर्ण करा. नॉबीची पकड आणि थरथर वेगळी असते, तिच्यासोबत नवी गाडी समजून घेणं अवघड जातं, आणि ओल्या डांबरावर तिला थांबायला जास्त अंतर लागतं. टायरचा वेग आणि भार यांची वर्गवारी मॅन्युअलला जुळती हवी. टायर खोलतोच आहोत तर जाड ट्यूबही टाकून घ्या.

ट्यूबवाल्या चाकात ऑफ-रोडसाठी हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवता येते. वजन जास्त असेल किंवा दगड धारदार असतील तर थोडी जास्त ठेवा, नाहीतर रिम आणि दगडामध्ये चिमटून ट्यूबला दोन भोकं पडतात. याहून खाली जायचं असेल तर रिम लॉक (टायर रिमला धरून ठेवणारा चिमटा) लागतो. व्हॉल्व्हच्या बुडाचा नट रिमला आवळू नका, वर टोपीपाशी ठेवा. टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका दिसतो आणि वेळीच कळतं. आवळलेला व्हॉल्व्ह मुळातून फाटतो.

पुढचं स्प्रॉकेट १४ दातांवरून १३ वर नेलं की गिअरिंग ७.७ टक्के आखूड होतं. मागे ४० दात असतील तर तिथे तीन दात वाढवल्याइतकाच हा फरक. चढावर, हळू चालीत गाडी दमत नाही, क्लच कमी जाळावा लागतो. बदल्यात महामार्गावर आरपीएम वाढतो आणि लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, स्विंगआर्मवरचं रबरी स्लायडरही लवकर झिजवते. वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर मीटर तितकंच जास्त दाखवेल. पुढच्या चाकावर असेल तर फरक नाही. रनिंग-इननंतर इंजिन मोकळं होतं आणि खालच्या आरपीएमला बऱ्यापैकी ओढायला लागतं, म्हणून हजार किलोमीटरआधी हा निर्णय घेऊ नका.

टाकी, सीट, सामान, वायरिंग

टाकीचा निर्णय गणिताने घ्या. आठ लिटरच्या टाकीत २८ किलोमीटर प्रतिलिटरने २२४ किलोमीटर मिळतात. एक लिटर राखीव धरलं तर १९६. तुमच्या वाटेवरच्या दोन पंपांमधलं अंतर याहून जास्त नसेल तर मोठी टाकी निव्वळ वजन आहे. रनिंग-इनमधलं ॲव्हरेज धरू नका, ते पुढे बदलतं. प्रत्येक जादा लिटर पाऊण किलोच्या आसपास, तेही उंचावर आणि पुढे. टाकी बदलली की पुढचा सॅग पुन्हा मोजावा लागतो.

सीटसाठी दोन-तीन लांब रपेटी थांबा. मागे कॅरिअर लावण्याआधी गाडीची एकूण भारक्षमता बघा. त्यात चालक, कपडे आणि सामान सगळं येतं. हलक्या गाड्यांच्या मागच्या कॅरिअरला अनेकदा तीन ते पाच किलोचीच परवानगी असते. जास्त लादलं तर खडबडीत रस्त्यावर सबफ्रेमचे (सीटखालच्या मागच्या फ्रेमचे) बोल्ट आणि वेल्डिंग आधी तडकतात. जड वस्तू सीटच्या दोन्ही बाजूंना, खाली बांधा.

जादा लाइट किंवा गरम मुठी कधीही लावा, पण वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापू नका. बॅटरीपासून वेगळी लाइन, तिच्यावर बॅटरीजवळ फ्यूज आणि चावीच्या लाइनवर चालणारा रिले, एवढं पुरतं. २० वॉटचे दोन लाइट १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअरच्या आत घेतात, पाच अँपिअरचा फ्यूज बरोबर. सगळं चालू करून चार हजार आरपीएमला बॅटरीवर व्होल्टेज बघा. १३.८ च्या आसपास किंवा वर असेल तर ठीक, १३.२ च्या खाली गेलं तर बॅटरी नीट चार्ज होत नाहीये, काहीतरी काढा.

सायलेन्सर आणि एअर बॉक्स

हे सर्वांत शेवटी, आणि माझ्या मते बहुतेकांना नकोच. इंजेक्शनच्या गाडीत लॅम्बडा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) हलक्या थ्रॉटलला मिश्रण सुधारतो, त्यामुळे मूळ पाइप ठेवून फक्त मागचा सायलेन्सर बदलला तर गाडी सहसा निभावून नेते. पूर्ण थ्रॉटलला मात्र ईसीयू (इंजिनचा संगणक) इंधनाच्या ठरलेल्या नकाशावर, म्हणजे तक्त्यावर चालतो. तिथे एअर बॉक्स उघडून जास्त हवा दिली आणि नकाशा तोच ठेवला, तर मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), इंजिन तापतं, आणि ज्या ताकदीसाठी खर्च केला ती मधल्या आरपीएमला उलट कमी होते. हे करायचंच असेल तर एअर बॉक्स, सायलेन्सर आणि ट्यूनिंग तिन्ही एकत्र करा. मूळ सायलेन्सर जड असतो, वजनासाठी बदलणं समजू शकतं. पण आवाजाचे आणि प्रदूषणाचे नियम तुमच्याकडे काय आहेत ते आधी बघा.

एअर फिल्टर धुळीच्या वाटेला फोमचा, नीट तेल लावलेला आणि कडेला ग्रीसचा पातळ थर दिलेला ठेवा. जास्त हवा खेचणारा विरळ फिल्टर बारीक धूळही आत सोडतो, आणि नुकत्याच बसलेल्या रिंगा ती आधी खाते.

एका वेळी एकच बदल करा आणि पुढचा बदल करण्याआधी निदान एक पूर्ण रपेट मारा. टायर, स्प्रॉकेट आणि स्प्रिंग एकाच दिवशी बदलली आणि गाडी वळणात विचित्र वागली, तर कारण शोधायला तिन्ही परत उलगडावी लागतात. तारीख, किलोमीटर, काय बदललं, प्रीलोडचे किती फेरे, हवा किती, हे वहीत लिहा. काढलेला प्रत्येक मूळ भाग त्याच्या बोल्ट आणि वायसरसकट पिशवीत घालून नाव लिहून ठेवा. वॉरंटीच्या कामाला गाडी देताना तो परत बसवावा लागू शकतो, आणि विमा असेल तर मोठे बदल विमा कंपनीला लेखी कळवलेले बरे.